खानदेशची माउली : बहिणाबाई चौधरी

थोरामोठ्यांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. कोणी लढाया जिंकल्या, कोणी तुरुंगवास भोगला, कोणी मोठमोठे ग्रंथ लिहिले. परंतु जिच्या हातून आयुष्यात एक अक्षरही कागदावर उमटले नाही, जिने कधी सभा गाजवली नाही, दळण, चूल, शेत आणि लेकरे यांतच जिचे एकाहत्तर वर्षांचे आयुष्य सरले, अशा बाईचे चरित्र कोण लिहिणार? आणि लिहिले तरी त्यात सांगण्यासारखे असे काय असणार? असे कोणी विचारले, तर त्याला उत्तर म्हणून एकच नाव सांगावे. ते नाव म्हणजे बहिणाबाई चौधरी.

खानदेशात जळगावपासून जवळच असोदे नावाचे गाव आहे. काळ्या जमिनीचा आणि कपाशीचा हा मुलूख. या गावी महाजनांच्या शेतकरी घरात १८८० साली नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भीमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ; अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. अशा भरल्या घरात त्या वाढल्या. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा १८४८ सालीच काढली होती. पण पुण्यातला तो उजेड खेड्यातल्या शेतकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायला अजून पुष्कळ अवकाश होता. त्यामुळे बहिणाबाईंच्या वाट्याला पाटी आली नाही की पेन्सिल आली नाही. त्यांची शाळा म्हणजे आईजवळचे जाते, बापाचे शेत, देवळातले भजन आणि आखाजीच्या सणाला झाडाला टांगलेला झोका. या शाळेत परीक्षा नव्हती. पण या शाळेत शिकलेला एकही धडा त्या पुढे विसरल्या नाहीत.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. जळगावच्या चौधरी घराण्यातील नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा संसार सुरू झाला. तेरा वर्षांची मुलगी म्हणजे आजच्या हिशेबाने सातवी-आठवीतली मुलगी! त्या वयात तिने माहेर सोडून एका मोठ्या घराची सून व्हायचे, पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे आणि रात्री सगळ्यांच्या नंतर निजायचे. असोदे काही फार लांब नव्हते. परंतु सासुरवाशिणीला माहेरचे अंतर कोसांवर मोजता येत नाही. ते मोजायचे असते कोणी बोलवायला येईल त्या दिवसावर. बहिणाबाईंच्या गाण्यांत माहेर पुन्हा पुन्हा येते, माहेरची वाट येते, ते उगीच नव्हे. पुढे स्वतः आई झाल्यावर त्यांना या माहेराचा आणखी एक अर्थ उमगला. बाई सासरी एवढी सोसत, तग धरून का राहते, याचे उत्तर त्यांनी तिच्या मुलीच्या माहेरात शोधले. आई जिथे टिकून राहते तेच लेकीचे माहेर होते, हा विचार एका न शिकलेल्या बाईने मांडावा, ही साधी गोष्ट नाही.

नथूजी आणि बहिणाबाई यांना ओंकार, सोपान आणि काशी ही तीन अपत्ये झाली. संसार कष्टाचा होता, पण चालला होता. तेवढ्यात नथूजींचे निधन झाले. बहिणाबाईंचे वय त्या वेळी अवघे तीस वर्षांचे. सोपानचा जन्म १९०७ सालचा. म्हणजे बाप गेला तेव्हा त्याला बाप म्हणजे काय हेही धड कळत नसणार. त्या काळी विधवेचे जिणे कसे असे, हे नव्याने सांगायला नको. कपाळ उघडे, मनगट उघडे आणि घरात मागची जागा. त्यातच थोरल्या ओंकारला प्लेगच्या आजाराने कायमचे अपंगत्व आले. एकीकडे वैधव्य, दुसरीकडे अपंग मूल, पाठीवर आणखी दोन लेकरे, आणि समोर शेतीची कामे. एखादी बाई अशा वेळी कोलमडून पडती, आणि तिला कोणी दोषही दिला नसता.

बहिणाबाई कोलमडल्या नाहीत. त्यांनी वैधव्याचे दुःख लपवले नाही, तसेच त्याचे भांडवलही केले नाही. त्या दुःखावर त्यांनी गाणे केले, आणि त्या गाण्यातच रडणाऱ्या मनाला सावरून आपल्या हातांच्या बळावर उभे राहायला सांगितले. त्यांच्यासाठी हे नुसते गाण्यापुरते नव्हते. खरोखरच पुढची चाळीस वर्षे त्या याच हातांच्या बळावर जगल्या. शेतात राबल्या, मुले वाढवली, अपंग लेकाला सांभाळले आणि धाकट्या सोपानला शाळेत घातले.

आता त्यांच्या गाण्यांकडे वळू. बहिणाबाई गाणी करीत म्हणजे काय करीत? कवी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर टेबल, दौत आणि खिडकीबाहेर पाहणारा माणूस येतो. बहिणाबाईंचे तसे नव्हते. आपल्याकडे खेडोपाडी बायका पहाटे जात्यावर ओव्या म्हणत. जात्याच्या एका फेऱ्याबरोबर एक चरण, दुसऱ्या फेऱ्याबरोबर दुसरा. दाण्यांचा घास घालण्यासाठी हात किंचित थांबला की गाणेही क्षणभर विसावा घेई. पहाटेची ती वेळ बाईची स्वतःची असे. घर निजलेले असे, हाताला काम असे म्हणून कोणी बोल लावीत नसे आणि मन मोकळे असे. दिवसभर जे बोलता येत नाही ते सारे त्या वेळी ओवीतून बाहेर येई. शेकडो वर्षे आपल्या आयाबहिणींनी अशा ओव्या रचल्या, पिठाबरोबर त्या सांडल्या आणि विरून गेल्या. बहिणाबाईंची पुष्कळ गाणी याच ओवीच्या चालीची, आठ-आठ अक्षरांच्या चरणांची आहेत. न शिकलेल्या बाईला वृत्त कसे जमले, असा प्रश्न काही जण विचारतात. त्यांनी कधी जाते ओढून पाहिलेले नसावे. ज्या हाताने वर्षानुवर्षे जाते फिरवले, त्या हाताला मात्रा आणि अक्षरे मोजून देण्याची गरज नसते.

परंतु नुसती चाल जमली म्हणून कोणी बहिणाबाई होत नाही. ओव्या पुष्कळ जणी म्हणत. बहिणाबाईंजवळ त्यापेक्षा निराळे काही होते. त्यांना रोजच्या वस्तू पहिल्यांदाच पाहिल्यासारख्या दिसत. जाते, चूल, मोट, पेरणी, कापणी, उपणणी, गुढी, पोळा हे सारे आपणही पाहतो. आपल्याला त्यात काम दिसते, बहिणाबाईंना त्यात मर्म दिसे. चुलीवरचा तवा आणि संसार यांचे नाते त्यांनी जोडले, ते हात भाजून घेतल्यावाचून सुचणारे नाही. माणसाचे मन किती चंचल, हे सांगायला त्यांना शास्त्रातला दाखला लागला नाही. शेतातले पीक आणि त्यात शिरणारे ढोर एवढे त्यांना पुरले. झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा पाहून त्यांना आठवण झाली ती हात नसलेल्या पाखराने पिलांसाठी केलेल्या कष्टांची. हे गाणे शाळेच्या पुस्तकात असल्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची बहिणाबाईंशी पहिली ओळख त्यानेच झाली आहे. मला तर वाटते, ज्यांनी आपली आजी पाहिली नाही अशा मुलांना ही एक आजी त्या पुस्तकाने मिळवून दिली!

त्यांना विनोदही चांगला साधे. जळगावात छापखाना आला, त्याचे लोकांना कोण कौतुक! बहिणाबाईंनी त्यावरही गाणे केले. त्यात यंत्राचे कौतुक आहेच, पण छापलेल्या कागदाला येणारे शहाणपण आणि माणसाचे शहाणपण यांची तुलना करून त्यांनी शिकल्यासवरल्यांना हळूच चिमटाही काढला आहे. जिला अक्षर वाचता येत नव्हते तिने छापखान्याला चिमटा काढावा, यातली गंमत काही औरच आहे.

आणि भाषा? ती त्यांच्या घरची, शेजारपाजारची, बांधावरची. जळगाव परिसरातल्या लेवा पाटीदार समाजात जी बोली बोलली जाते, तिला लेवा गणबोली म्हणतात. या बोलीत ळ चा य होतो; डोळा म्हणजे डोया, केळ म्हणजे केय. ण चा न होतो. पाणी म्हणजे पानी. पुण्यामुंबईच्या कानाला ही भाषा अशुद्ध वाटली असेल. पण त्या भाषेतले शब्द बदलून पाहा, गाणे तिथल्या तिथे मरते. ज्या मातीत रोप उगवले त्या मातीसकटच ते उचलावे लागते.

आता बहिणाबाईंच्या आयुष्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. सोपान शाळेत जात होता. एकदा त्याने आपल्या पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. आईने ती ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिने त्या गोष्टीचे गाणे करून टाकले होते! मुलगा थक्क झाला. आईची गाणी तो लहानपणापासून ऐकत आला होता. पण आपण पुस्तकात जे वाचतो आणि आई जे गाते त्यांत काही नाते आहे, हे कदाचित त्याला त्या दिवशी प्रथम जाणवले असावे. तेव्हापासून तो आईची गाणी वहीत उतरवून घेऊ लागला. नात्यातले पीतांबर चौधरी यांनीही या कामी हात लावला. शेतात, घरात, काम करता करता बहिणाबाई सहज म्हणत, आणि ही मुले जमेल तेवढे टिपून घेत.

जरा विचार करा. घरात शाळेत जाणारे मूल असले की बहुधा काय होते? मूल पुढे जाते आणि आई मागे राहते. मुलाची भाषा बदलते, त्याला आईच्या बोलण्यातल्या चुका दिसू लागतात, आणि दोघांच्या मध्ये पुस्तकांची एक भिंत उभी राहते. चौधरींच्या घरात याच्या उलट झाले. मुलाने शाळेतला धडा चुलीपाशी आणला आणि आईने तो गाण्याच्या रूपाने दामदुपटीने परत केला. आईच्या कष्टांनी मुलाला अक्षर मिळाले. मुलाच्या अक्षराने आईची वाणी वाचली. या देवघेवीत कोणी कोणाचे ऋण फेडले, हे सांगणे अवघड आहे.

हाच सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाला. स्वतःच्या कवितेला लोकांची दाद मिळत असताना आईची वही मात्र घरातच राहिली. बहिणाबाई म्हाताऱ्या झाल्या. घरात नातवंडे आली, आणि ज्या घरात त्या तेरा वर्षांची सून म्हणून आल्या होत्या त्याच घरातल्या त्या आजी झाल्या. गाणी चालूच होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी एक शेतकरी म्हातारी गेली एवढेच जगाला कळले. किंबहुना तेवढेही कळले नाही.

आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही बाहेर काढली आणि आचार्य अत्रे यांच्याकडे नेली. त्यांच्या मनात संकोच होता. खेड्यातल्या एका निरक्षर बाईची, तीही बोलीभाषेतली गाणी, मुंबईतल्या साहित्यिकांना काय आवडणार! परंतु अत्रे पडले रसिकांचे राजे. एक गाणे ऐकताच त्यांना त्याची किंमत कळली आणि ही गाणी महाराष्ट्रापुढे आलीच पाहिजेत असा त्यांनी आग्रह धरला. त्यांच्या भरघोस प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मराठी रसिक अक्षरशः चकित झाला. १९६१ सालच्या ‘मानिनी’ या चित्रपटातून त्यांची गाणी घरोघरी गेली. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जिला शाळेचे दार दिसले नाही, तिच्या नावाची मोहोर आज हजारो मुलामुलींच्या पदवीच्या कागदावर उमटते! नियतीचा याहून गोड न्याय कोणता?

असे म्हणून हे चरित्र संपवता आले असते. परंतु मला हा न्याय पुरा वाटत नाही. आपले पुस्तक बहिणाबाईंनी पाहिले नाही. समजा, त्यांच्या हयातीतच ते निघाले असते. नातवंडाने मांडीवर बसून त्यातले एखादे गाणे आजीला वाचून दाखवले असते. आपल्याच तोंडचे शब्द छापलेल्या कागदावरून परत ऐकताना त्या माउलीला काय वाटले असते! हे सुख तिला मिळाले नाही. शिवाय त्यांची सारी गाणी वहीत आली असे थोडेच आहे? जेव्हा कोणी जवळ नव्हते, जेव्हा हातात पेन्सिल नव्हती, तेव्हाची गाणी वाऱ्यावर गेली. आपण आज जे वाचतो ते राशीतले सुपभर धान्य आहे.

आणि बहिणाबाईंना निदान सोपान तरी होता. ज्यांना सोपान नव्हता त्यांचे काय? प्रत्येक गावात ओव्या रचणारी, म्हणी जुळवणारी, तेराव्याला आणि बारशाला तितक्याच नेमकेपणाने बोलणारी एखादी म्हातारी असे. तिचे कोणी काही लिहून घेतले नाही. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्या साऱ्या जणींची पाने कोरी आहेत. बहिणाबाईंची थोरवी त्यामुळे कमी होत नाही, पण बहिणाबाई एकच का झाली या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडे बदलते. त्यांच्यासारखी प्रतिभा क्वचितच जन्मते हे खरे. पण टिपून घेणारी वही त्याहूनही क्वचित असते, हेही तितकेच खरे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आई सही करण्यापुरती अक्षरे गिरवते आणि आजी अजून अंगठा उठवते. पण पावसाची चाहूल, माणसाची पारख आणि दुःखातून वाट काढण्याची रीत त्या दोघींच्या बोलण्यातून मी जेवढी शिकले, तेवढी पुस्तकातून अजून शिकायची आहे. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी पुष्कळ मुलेमुली आहेत. घरचा शब्द वर्गात तोंडातून निसटला की आजूबाजूला हसू फुटते, म्हणून ती गप्प राहतात. हळूहळू तो शब्द घरातही उच्चारायचा त्यांना संकोच वाटू लागतो. मला वाटते, बहिणाबाई अभ्यासक्रमात असणे आणि आपल्या आईचे बोलणे आपल्याला गावंढळ वाटणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. एक खरी असेल तर दुसरी खोटी असली पाहिजे.

बहिणाबाईंचे पुण्यस्मरण आपण दरवर्षी करतो, प्रतिमेला हार घालतो, त्यांची गाणी म्हणतो. ते सारे योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्राने घालून दिलेला खरा धडा त्या शाळकरी सोपानच्या कृतीत आहे. आपण जे शिकलो ते घरी जाऊन मोठ्याने वाचावे. आई, आजी त्यावर काय म्हणते ते ऐकावे. आणि ती असेपर्यंतच ते वहीत उतरवून घ्यावे. आपल्या प्रत्येकाच्या घरी बहिणाबाई असेलच असे नाही. पण सोपान मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला होता येईल.

— द्वितीय वर्ष, कला